खंडेनवमीनंतरचा आवाज

माझा आवाज मोठा आहे हे मला पहिल्यांदा पेणच्या कॉलेजात कळलं. हजेरीला ‘हजर सर’ म्हटलं की पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघायच्या. त्याआधी हा विषय कधी निघालाच नव्हता, कारण आमच्या घरात सगळ्यांचा आवाज तसाच. कासू स्टेशनात उतरून खाडीच्या बाजूला चालत गेलं की आमचं गाव लागतं. आईवडील मिठागरावर कामाला. मिठागरात एक माणूस या टोकाच्या बांधावर, दुसरा त्या टोकाला, आणि मध्ये वारा. बोललेलं अर्धं वाराच खातो. त्यामुळे तिथली माणसं घरात ताटावर बसूनही बांधावरून हाक मारल्यासारखी बोलतात. पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय. प्रत्यक्षात आमटीत मीठ कमी पडलेलं असतं.

मी घरातली पहिली पदवीधर. हे वाक्य मी अजूनही जपून लिहिते, कारण त्यात माझ्यापेक्षा इतरांचं जास्त आहे. परीक्षेची फी उशिरा भरू देणारे सर होते. सुट्टीत जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचं काम मिळवून देणारी मावशी होती. पहाटे डबा करणारी आई होती. निरोप समारंभात एक सर म्हणाले होते, “जे मिळेल त्याचं भान ठेवा. सारखी तक्रार करणाऱ्याला कुणी जवळ करत नाही.” टाळ्या वाजवून बाकीच्या मुली बाहेर फोटो काढायला गेल्या. मी मात्र ते मनावर घेतलं.

नोकरी मिळाली ती रोह्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत, ग्राहक विभागात. कंत्राटदारामार्फत, पण खुर्ची, पंखा आणि टेबलावर फोन. माल निघाला का, ड्रम गळतोय, बिलावर पत्ता चुकलाय, गाडी कुठे आहे, असे दिवसभर फोन. गाडी बहुतेक वेळा वडखळच्या नाक्यावर वाहतुकीत अडकलेली असायची. विभागात कंत्राटी आम्ही दोघी. मार्चअखेर दोघींपैकी एकीला कंपनी कायम करणार, हे साहेबांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. “कामावर ठरेल. फोनवर कोण कसं बोलतं त्यावर,” ते म्हणाले होते. कायम होणं म्हणजे काय, हे औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कंत्राट संपलं की फाटकावरचा पासही संपतो. कायम माणसाचा पास संपत नाही.

दुसरी माझ्या बाजूच्या टेबलावर बसायची. पनवेलची, इंग्रजी शाळेत शिकलेली, स्वभावाने चांगली. डब्यातली कोशिंबीर अर्धी माझ्याकडे सरकवायची आणि माझ्या डब्यातली सुकी मासळी, वाकटी, बोटाने उचलून खायची. हे आधी सांगते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून ती वाईट होती असं कुणाला वाटू नये.

पहिले काही महिने साहेब माझ्या आवाजावर बोलायचे. “मॅडम, फोनला तार आहे. आवाज तारेतून जातो. तुम्ही खिडकीतून पाठवताय.” सगळे हसायचे, मीही हसायचे. मग मी आवाज खाली आणायचा सराव सुरू केला. सकाळच्या गाडीत खिडकीशी बसून हळू आवाजात घोकायचे, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ संध्याकाळी बांधावरून घरी चालतानाही तेच. घरातही खालच्या आवाजात बोलू लागले, तेव्हा वडील म्हणाले, “काय गो, देवाला सांगतेस की मला?”

आई चुलीकडून ओरडली, “तिला नोकरी हाय नोकरी. तुमच्यासारखी बोंबलत नाय ती आता.”

पावसाळा संपेपर्यंत मला ते जमलं. खोटं नाही सांगत, चांगलं जमलं. वापीचा एक ग्राहक नेहमी चिडून फोन करायचा, त्याच्याशी मी एकदा गळक्या ड्रमबद्दल बोलले आणि शेवटी तो हसत ‘ठीक है मॅडम’ म्हणाला. तो कॉल साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवला. “असं बोलायचं,” एवढंच म्हणाले. मी घरी पेढे नेले. आईने विचारलं, कायम झालीस? मी म्हटलं, अजून नाही, पण होईन.

गणपतीनंतर ऑफिसात नवे फोन आले, आणि त्यांच्याबरोबर हेडसेट. बोलताना टाइप करायला हात मोकळे राहावेत म्हणून. नव्या फोनच्या कडेला यूएसबीचं भोक होतं. त्यात बसणारे नवे हेडसेट साहेबांना, दोन अधिकाऱ्यांना आणि माझ्या बाजूचीला मिळाले. तिच्याकडे परराज्यातले इंग्रजी कॉल जास्त, म्हणून तिला. ते मला तेव्हा बरोबरच वाटलं. बाकी आम्हा सगळ्यांसाठी मुंबईच्या बंद झालेल्या ऑफिसातले जुने हेडसेट आले. चांगले होते, कानाला मऊ लागायचे. पण त्यांची वायर जुन्या पद्धतीची. ती थेट फोनला चालत नव्हती. मध्ये एक अडॅप्टर लागायचा, तपकिरीच्या डबीएवढा, काळा, चपटा. ऑफिसात त्याचं नाव डबीच पडलं.

ते जोडायला पनवेलहून एक माणूस आला होता. जुने हेडसेट दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीचे होते. तो एक हेडसेट एका डबीला लावायचा, फोनवर ‘हॅलो हॅलो’ करायचा, डबी उलटी करून पेनाच्या टोकाने खाली काहीतरी सरकवायचा, परत ‘हॅलो’. आवाज नीट आला की पुढचं टेबल. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. तो गेल्यावर स्टोअरच्या माणसाने येऊन प्रत्येक डबीच्या पोटाला कंपनीच्या मालमत्तेचा स्टिकर चिकटवला. ‘काढू नये’ असं त्यावरच छापलेलं होतं. मी माझ्या हेडसेटच्या पट्टीला लाल दोरा बांधला, ओळखीसाठी. कंपनीने आपल्या नावाने दिलेली ती पहिली वस्तू होती, आणि मला तिचं खरंच कौतुक होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडच्या कंपन्यांत त्या दिवशी मशीनं धुऊन पुसून त्यांना हार घालतात. प्लांटमध्ये पंप, व्हॉल्व्ह, वजनकाटा, सगळ्याला झेंडूची फुलं. ऑफिसात काय पुजायचं? साहेब उत्साही माणूस. म्हणाले, “आपली हत्यारं ही. फोन, हेडसेट, स्टेपलर, जे रोज हातात असतं ते आणा.” मधल्या मोठ्या टेबलावर नवी चादर घातली. सगळ्यांनी आपापले हेडसेट काढून आणले, डब्या काढून आणल्या. मी टेबलाभोवती रांगोळी काढली. शिपाईकाकांनी प्रत्येक वस्तूवर हळदकुंकवाचं बोट लावलं, माझ्या फोनच्या पाच आकड्यावरसुद्धा. आरती झाली, पेढे झाले, अर्ध्या दिवसाने सुट्टी. घरी जायच्या घाईत शिपाईकाकांनी सगळं परत टेबलांवर मांडलं. लाल दोऱ्याचा हेडसेट माझा, हे त्यांना माहीत होतं. तो माझ्याकडे आला. डब्या सगळ्या सारख्याच काळ्या. ज्या हाताला लागल्या त्या त्यांनी वाटून टाकल्या.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी पहिलाच फोन वापीचा. “हॅलो मॅडम? आवाज नहीं आ रहा.”

मी पुन्हा बोलले.

“हॅलो? कोई है?”

मला त्याचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. मी जोरात बोलले, तेव्हा कुठे त्याला कळलं. मला वाटलं लाइन खराब असेल. दुसरा फोन आला, तेच. तिसरा आला, तेच. दुपारी साहेबांना सांगितलं. ते आले, फोनच्या खालचं बटण दोन-चार वेळा दाबून आवाज वाढवला. ते बटण माझ्या कानात येणाऱ्या आवाजाचं होतं, हे मला आज माहीत आहे.

“झालं?”

“हो सर. थँक्यू सर.”

झालं नव्हतं. पण साहेब स्वतःची खुर्ची सोडून आले होते. लगेच परत जाऊन ‘नाही झालं’ म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्यानंतरही वळली नाही. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि रोज वाटायचं, आजूबाजूच्या सगळ्यांचे हेडसेट चालतात, मग माझाच कसा चालत नाही? दोष माझ्यातच असणार. खालच्या आवाजात बोलायला शिकले, ते जरा जास्तच शिकले असेन. म्हणून मी पुन्हा जोर लावला. जे सहा महिने घासून काढलं होतं ते सगळं आठवड्याभरात परत आलं.

ऑफिसला मजाच मिळाली. “आज मुंबईला फोन लावू नको, खिडकी उघड, जाईल आवाज.” “कासूच्या स्टेशनला अनाउन्सर नाहीये म्हणे, अर्ज कर.” शिपाईकाका प्रेमाने म्हणायचे, “पोरी, मी खाली चहा आणायला जातो, तिथं पण तुझी गाडी वडखळलाच अडकलेली ऐकू येते.” मी हसायचे. हसल्यावर घसा दुखायचा. दिवाळी झाल्यावर तर संध्याकाळी आवाजच बसायला लागला. आई कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला द्यायची. मीठ आमच्याच मिठागराचं. ती म्हणायची, “फोनवर बोलून कुणाचा घसा बसतो काय गो? आम्ही जन्मभर बोंबलतो, आमचा नाय बसला.”

एकदा दुपारी एका ग्राहकाला मी पत्ता ओरडून सांगत होते. साहेब केबिनच्या दारात आले. त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेले पाहुणे होते. साहेब खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मॅडम, आपण मिठागरावर नाही आहात.”

त्या वेळी कुणी हसलं नाही. कुणी तरी हसायला हवं होतं. मी ‘सॉरी सर’ म्हटलं आणि राहिलेला पत्ता हळू सांगितला. ग्राहक पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला आणि त्याने फोन ठेवला.

हे वाक्य मी घरी सांगितलं नाही. आई दुसऱ्या दिवशी मिठागरावरच जाणार होती.

फेब्रुवारीत बाजूची आठवडाभर सुट्टीवर गेली, बहिणीच्या लग्नाला. साहेब म्हणाले, तिच्या टेबलावर बसा, तिचे कॉल चुकायला नकोत. मी तिचा यूएसबीचा हेडसेट कानाला लावला. पहिला फोन घेतला आणि सवयीने बोलले.

“अरे मॅडम, धीरे! कान फाड़ दिया आपने!”

 मी हळू बोलले, पावसाळ्यात शिकले होते तसं. पलीकडच्या माणसाने सगळं नीट ऐकलं, धन्यवाद म्हटलं, फोन ठेवला. पुढचा फोन तसाच. त्याच्या पुढचा तसाच. दिवसभर मला एकदाही कुणी ‘आवाज येत नाही’ म्हटलं नाही. दुपारी वापीवाला भेटला फोनवर. म्हणाला, “मॅडम, बहुत दिनों बाद आपकी तबियत ठीक लग रही है.” त्याला वाटत होतं मी आजारी होते.

संध्याकाळी सगळे निघाल्यावर शिपाईकाकांना थांबवलं. त्यांना बाजूच्या फोनवर बसवलं आणि मी माझ्या टेबलावरून माझा हेडसेट लावून त्यांना फोन केला. समोरासमोर असूनही ते फोनवर बोट ठेवून म्हणाले, “इथून ऐकू येतेस, यातून नाय.” मी डबी हातात घेऊन उलटी केली. पूजेच्या हळदीने स्टिकरची एक कड पिवळी होऊन सुटली होती. बोट फिरवलं तर खाली काहीतरी उंचवटा लागला. तेव्हा मला पनवेलच्या माणसाचं पेन आठवलं.

मी स्टिकर सोलला. खाली नखाएवढी सरकपट्टी होती, आणि तिच्या कडेला बारीक आकडे, दर बनावटीच्या हेडसेटला वेगळा. पट्टी एक घर पुढे सरकवली. काका म्हणाले, नुसतं घूं घूं होतंय. अजून एक घर.

“हां, आली,” काका म्हणाले. “अगदी रेडिओसारखी. बोल अजून.”

 मी आपली ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू’ म्हणत राहिले, आणि काका पलीकडून ‘एक कटिंग सांग’ म्हणाले. आम्ही दोघं हसलो. तेव्हा मला खरंच वाटलं की सगळं ठीक झालं. सांगितलं की संपलं. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि मी इतकी साधी होते.

सकाळी साहेब आल्या आल्या मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. डबी दाखवली, पूजेत डब्यांची अदलाबदल झाली ते सांगितलं, पट्टी दाखवली. त्यांनी डबी उलटसुलट केली. पहिला प्रश्न विचारला, “स्टिकर तुम्ही काढलात?”

“हो सर. त्याखाली—”

“कंपनीची मालमत्ता आहे मॅडम. विचारायचं तरी.”

मी सॉरी म्हटलं. मग म्हटलं, सर, एकदा माझा कॉल ऐका, आता आवाज नीट जातोय. त्यांनी ऐकला. अन्याय करायचा नाही म्हणून सांगते, त्यांनी लक्ष देऊन ऐकला. मानही हलवली. मग खुर्चीत मागे टेकले.

“बरोबर आहे तुमचं. पण रिपोर्ट गेलाय वर, मागच्याच आठवड्यात. मुंबईच्या लोकांनी तुमचे कॉल ऐकले. त्यांनी इथे येऊन तुम्हाला प्रत्यक्ष ऐकलं पण.”

“सर, खंडेनवमीच्या आधीचे कॉल ऐका ना. तुम्हीच मीटिंगमध्ये ऐकवला होता.”

“जुने कॉल राहत नाहीत. आपोआप पुसले जातात.” त्यांना खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. “आणि हे तेव्हाच सांगायचं होतं.”

“सांगितलं होतं सर.”

“एकदा. मी बटण दाबलं, तुम्ही थँक्यू म्हणालात. त्यानंतर?”

मी डबी परत हातात घेतली.  हेडसेट एकाचा, डबी दुसऱ्याची, बाकीच्यांचं नशिबाने चाललं आणि माझं नाही, हा गोंधळ कुणी मुद्दाम केला नव्हता. पण त्या चार महिन्यांत रोज माझा घसा बसत होता आणि रोज सगळे ऐकत होते. एवढ्या माणसांत एकालाही डबी उलटी करून बघावीशी वाटली नाही. मोठ्याने बोलणारी मुलगी खाडीकडची आहे, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की ते मलाही पुरलं.

साहेब म्हणाले, “मार्चनंतर तुम्हाला वजनकाट्याच्या खिडकीवर घेऊ. गाड्या असतात, ड्रायव्हर असतात, तिथे तुमचा आवाज उपयोगी पडेल. कंत्राट चालू राहील, काळजी करू नका.”

आणि मी काय म्हटलं असेल? थँक्यू सर म्हटलं. दारातून बाहेर पडून माझ्या टेबलापर्यंत आले, तेव्हा कळलं आपण काय म्हणून आलो.

बाजूची लग्नाहून मेंदी घेऊन परतली. तिला कायम केल्याचं तिला आधीच कळलं होतं. माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “अगं, मला माहीत होतं तुझा आवाज असा नाहीये.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुझं घशाचं काहीतरी असेल. आणि...” तिने हातावरची मेंदी खरवडली. “मी बोलले असते तर वाटलं असतं मी साळसूदपणा दाखवतेय.”

ती खरं बोलत होती. त्यामुळेच मला तिचा राग जास्त आला. त्या दिवशी तिने डबा सरकवला, मी म्हटलं भूक नाही. त्यानंतर आमचा डबा एकत्र झाला नाही. हे माझ्या बाजूने तुटलं, आणि ते परत जोडायची मला अजून इच्छा होत नाही.

घरी वडिलांना सांगितलं की जागा बदलली. त्यांनी विचारलं, “म्हणजे फोन नाय तुझ्याकडं आता?”

“आहे एक. साधा.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि बिडी घेऊन ओट्यावर गेले. आई तेवढ्याने गप्प बसणारी नव्हती. तिने भाकरीचं पीठ तसंच ठेवलं, माझ्यासमोर पाट ओढून बसली आणि सगळं काढून घेतलं. डबी, पट्टी, स्टिकर. मिठागराचं ते वाक्यही त्यात निघालं. मी थांबवायला गेले, पण निघालं.

आईला राग येईल असं वाटलं होतं. तिने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “असं बोलला? आणि तू काय बोल्लीस?”

“सॉरी म्हटलं.”

“नी खिडकीवर जा म्हटलं तवा?”

“थँक्यू.”

“अगो, मग इतकं शिकवलं कशाला तुला?” ती मोठ्याने म्हणाली, बाहेर वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “दिवसभर लोकांवर बोंबललीस, नी जिथं बोंबलायचं तिथं तोंड शिवलंस! आमचा मुकादम वजनात मारतो तवा मी त्याला बांधावरून ऐकवते. पार कासूच्या फाटकापर्यंत ऐकू जातं. मग देतो गपगुमान. मी काय शिकलेली हाय?”

मी तिला सांगायला लागले की ऑफिसात असं चालत नाही, तिथे पद्धत वेगळी असते. सांगता सांगता लक्षात आलं की मी साहेबांच्याच सुरात बोलतेय. थांबले. आईही उठली आणि भाकऱ्या थापायला लागली. त्या रात्री ती माझ्याशी नीट बोलली नाही. माझ्या हातून काय गेलं याचं तिला दुःख होतंच, पण ते कसं गेलं याची लाज तिला जास्त वाटत होती. आणि ती लाज माझ्याबद्दल होती. पुढे बरेच दिवस मला तेच लागत राहिलं.

वजनकाट्याच्या खिडकीवर आता मला दीड वर्ष होत आलं. काम वाईट नाही. भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावती. ड्रायव्हर ‘ताई’ म्हणतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. कंत्राट दर वेळी नवं होतं, आणि दर वेळी फाटकावर पासासाठी उभं राहावं लागतं. निरोप समारंभात सरांनी सांगितलेलं कृतज्ञतेचं ते अजूनही मला खोटं वाटत नाही. फी उशिरा भरू देणाऱ्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांचे उपकार आणि कंपनीने दिलेला जुना हेडसेट या दोन गोष्टी मी एकाच फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. नोकरी हा उपकार नव्हता. मी काम करत होते, त्याचं ते मोल होतं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि असतं तरी मी ते परीक्षेपुरतंच पाठ केलं असतं.

गेल्या महिन्यात ग्राहक विभागात पुन्हा एक जागा निघाली, कायमची. बाजूला बसायची तिचीच मुंबईला बदली झाली, तिची जागा. मला कुणी सांगितलं नाही. शिपाईकाका काट्यावर चहा घेऊन आले तेव्हा बोलता बोलता कळलं. मी त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर गेले.

साहेबांनी मान वर केली. “बोला. गाडीचं काही?”

“नाही सर. ग्राहक विभागातल्या जागेसाठी माझं नाव द्यायचंय.”

“तुमचं?” ते जरा हसले, तसे वाईट हसले नाहीत. “अहो, तिथला रिपोर्ट आहे तुमचा.”

“तो रिपोर्ट डबीचा आहे. माझा नाही. तुम्ही स्वतः ऐकलंत तेव्हा.”

हे मी माझ्या आवाजात म्हटलं. मोठा नाही, लहान नाही. बाहेरच्या टेबलांवरचं टायपिंग थांबल्याचं मला कळलं. साहेबांनी कागद सारखे केले, पेन शोधलं, आधीच हातात होतं.

“बघू,” ते म्हणाले.

“कधी?”

“अं?”

“कधी बघू या, सर? म्हणजे मी तेव्हा येते.”

ते म्हणाले, सोमवारी. सोमवारी मी गेले, तर ते मुंबईला मीटिंगला गेले होते. त्याच्या पुढच्या सोमवारी म्हणाले, वरून उत्तर आलेलं नाही. जागा अजून भरलेली नाही, हे मला काकांकडून कळतं. मिळेल असं मला वाटत नाही, आणि मिळणार नाही असं गृहीत धरून घरीही बसवत नाही. उद्या सोमवार आहे. काट्यावर बदली माणूस सांगून ठेवला आहे.